वैनगंगा काठवाट: गोसीखुर्दच्या फुगवट्यातला अडलेला टप्पा

वैनगंगेच्या काठाने पायी चालायची वाट आपण टप्प्याटप्प्याने शोधतोय, त्यातला अंभोरा ते गोसी हा टप्पा पुन्हा अर्ध्यावर राहिला. कारध्याहून डावा काठ धरून अंभोऱ्याच्या नव्या पुलापर्यंतचा ट्रॅक तुमच्याकडे आहेच, त्यात बदल नाही. पुढे मात्र काठ म्हणावा असा काठच सापडत नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. गोसीखुर्द धरण भरलं की पाणी नदीपुरतं राहत नाही, प्रत्येक नाल्यात मागे चढतं. टोपोशीटवर (सर्वे ऑफ इंडियाच्या तपशीलवार नकाशावर) निळ्या रेघेएवढा नाला इथे तोंडाशी एवढा पसरलेला असतो की पलीकडच्या भाताच्या बांधीतल्या माणसाला हाक ऐकू जात नाही. मग वर जा, मोरी शोधा, ओलांडून परत खाली या, की पुढचा नाला हजर. उजव्या काठाने जा म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो, तिकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. पायी शिरायचा प्रश्नच नाही.

पाणी उतरलेलं असेल तर काम सोपं होईल असं वाटतं, पण खरी डोकेदुखी तिथेच आहे. उघड्या पडलेल्या गाळावर वरून पापडी धरते, भेगाही पडतात. पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. नागपूरच्या एका दुकानात छातीठोकपणे ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेले बूट इथे वरून भरतात आणि भरले की रिकामे होत नाहीत. साधे कॅनव्हासचे बूट बरे, निदान पाणी निथळतं. काठीचंही तेच. ट्रेकिंग पोलचं अणकुचीदार टोक गाळात सरळ खाली जातं, त्यापेक्षा बुडाशी सपाट कापलेला वेळू चांगला अंदाज देतो. आणि अंदाज घ्यावाच लागतो, कारण या पाण्याखाली जुनी गावठाणं आहेत, म्हणजे विहिरीही आहेत.

आता आनंदाची बातमी. गेल्या वेळी उंचीच्या डेटावरून काठाची रेघ काढून पाहू असं ठरलं होतं. ती काढली. निकाल हास्यास्पद आला आणि का आला तेही कळलं. आपण सगळे वापरतो तो एसआरटीएमचा उंचीचा डेटा फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातल्या रडारने घेतलेला. तेव्हा इथे पाणी अडवलेलंच नव्हतं, त्यामुळे त्यात बुडालेली दरी उघडी दिसते. छान वाटतं पाहायला! पण त्याची चूक काही मीटरची असू शकते आणि आपला सगळा खेळ एक-दोन मीटरचा आहे. जमिनीचा उतार दोनशेला एक असेल तर पातळी मीटरभर उतरली की काठ 200 मीटर सरकतो.

मग उलटा विचार केला. उंचीवरून काठ काढण्यापेक्षा काठच पाहावा. सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी नवीन, 10 मीटरच्या बारकाव्याची. हिरवा आणि जवळचा अवरक्त पट्टा घेऊन पाणी वेगळं काढायचं, चित्राच्या तारखेला धरणाची पातळी किती होती ते जलसंपदा विभागाच्या रोजच्या आकड्यांत पाहायचं आणि रेघेवर तो आकडा लिहायचा. पूर्ण भरलेलं धरण म्हणजे समुद्रसपाटीपासून 245.5 मीटर. तिथून खाली जशा तारखा मिळतील तशा रेघा काढत गेलो आणि नाले एकामागून एक आखडताना दिसले. व्हँकुव्हर बेटावरच्या 75 किलोमीटरच्या वेस्ट कोस्ट ट्रेलवर लोक भरती-ओहोटीचं कोष्टक जवळ ठेवून चालतात. आपलं कोष्टक धरणाच्या पातळीचं. फरक एवढाच की तिथली ओहोटी काही तासांत येते, आपली होळीनंतर.

एक अडचण मात्र आहे. जलपर्णी उपग्रहाला शेतासारखी हिरवी दिसते, त्यामुळे दोन नाल्यांची तोंडं चित्रात चक्क जमीन म्हणून आली. तिथली रेघ हाताने दुरुस्त केली आहे. (जलपर्णीवरून आठवलं, नाग नदीचं पाणी कन्हानमधून इथेच येतं. आपले फिल्टर गाळ आणि जंतू अडवतात, शहराच्या सांडपाण्यातली रसायनं नाही. पाणी गावातल्या नळावरच भरा.)

गाळाचं उत्तर उपग्रहाकडे नव्हतं, ते एका ढिवर काकांकडे मिळालं. जाळं आवरत होते, आमची अवस्था पाहून म्हणाले, “काऊन जी, मधातून कायले जाता? बाभळीच्या बुंध्यायच्या मधून जा ना.” नीट पाहिलं तर गाळातून बाभळीचे वाळके बुंधे दोन ओळींत वर आलेले. बुडालेली पांदणच ती, शेतांमधली जुनी गाडीवाट! पिढ्यान्‌पिढ्या बैलबंड्यांनी दाबलेली, खाली मुरूम. घोट्याच्या वर पाय गेला नाही. एक अख्खा नाला आम्ही असा कोरड्या गप्पा मारत पार केला. त्या दिवशीचा चिवडा फारच चविष्ट लागला.

पुढचा नाला अडला तो अडलाच, तिथे पांदण पाण्यातच होती. गाळपेर करणाऱ्यांनी, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेणाऱ्यांनी, सांगितलं की ती आणखी पाणी उतरल्यावर निघते.

म्हणून बेत असा होता की हा टप्पा मेपर्यंत ठेवायचा आणि तोवर पवनी ते वडसा उरकायचं. पण मेमध्ये पारा 45 च्या आसपास, सावलीला एक झाड नाही आणि ऊन टाळायला पहाटे अंधारात निघावं तर ती वेळ वाघ-अस्वलांची. हे लिहिता लिहिताच वाटतंय की मेचा हट्ट सोडावा. वेस्ट कोस्ट ट्रेलवरही निटिनाटची सामुद्रधुनी नावेनेच ओलांडतात, तरी वाट पूर्ण चालली असंच धरतात. मग आपण एका नाल्यापुरता डोंगा घेतला तर काय बिघडलं? उरलेल्या नाल्यांना पांदणी शोधू.

त्यासाठी धरणाआधीची 55 पी/9 टोपोशीट हवी आहे, जुनी आवृत्ती, पांदणी आणि विहिरी दाखवणारी. कुणाच्या घरी गुंडाळी पडली असेल तर फोटो नको, सपाट स्कॅन पाठवा, घडीवरच्या रेघा फार त्रास देतात. काकांशी बोलणं झालंय, मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात डोंगा मिळेल. लाइफ जॅकेट ज्याचं त्याने आणायचं, डोंग्यात ते नसतं.