आमची वाटचाल : बारा इंचाची पट्टी आणि डीबीवरचा स्टिकर

२००६ च्या दसऱ्याला सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात आम्ही दोघांनी वायरिंगच्या दुकानाचं शटर वर केलं. दोघं म्हणजे मी आणि माझा पार्टनर. तो माधवनगरचा, वायरिंगमध्ये माझ्यापेक्षा दहा वर्षं सीनियर. भांडवल काय विचाराल तर एक हॅमर ड्रिल, दोन टेस्टर, एक मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) जो कधी चालायचा कधी नाही, आणि लाकडी घोडा. तो घोडा अजून आहे, एक पाय बदललाय. आता पोरं ॲल्युमिनियमची शिडी मागतात, पण स्लॅबला भोक मारताना ती थरथरते, घोडा हलत नाही. असो.

२००७ ते २०१६ मध्ये लिहिण्यासारखं काही नाही. घरांचं वायरिंग, मोटरी, इन्व्हर्टर, कुपवाडच्या कारखान्यांत फायर अलार्मच्या वायरिंगचं काम. पैसे मिळत होते, पोरं शाळेत जात होती. २०१४ ला पार्टनर पुण्याला गेला, भांडण नाही काही नाही, त्याच्या मुलाची नोकरी तिकडं. जाताना हिशेब चोख केला आणि त्याची सागवानी पट्टी माझ्याकडं ठेवून गेला. जुन्या खिडकीच्या चौकटीतून त्यानंच कापलेली, बरोबर बारा इंच. छताला अलार्म लावायचा तर भिंतीपासून निदान एवढं अंतर पाहिजे, ट्यूबलाइटपासूनही एवढंच, म्हणून पट्टी टेकवायची आणि पेन्सिलनं खूण करायची, टेप काढायची भानगड नाही. गरम हवा वर जाऊन छताखाली पसरते पण भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात ती नीट शिरतच नाही, तिथली हवा मेलेली असते. लोक नेमकं कोपऱ्यातच लावा म्हणतात, दिसायला नको म्हणून. दिसायला नको तर मग घेता कशाला?

घरगुती अलार्मचा नाद मला लागला तो गावभागातल्या एका काकींमुळं. शाळेतून रिटायर झाल्यावर त्या घरात भडंग करून विकायच्या. मुलगा बाहेरगावी, त्यानं काळजीपोटी आईच्या किचनमध्ये स्मोक अलार्म लावून दिलेला. आता लसूण आणि मिरचीची फोडणी तेलात पडल्यावर तो बोंबलणार नाही तर काय होणार! काकी मला म्हणाल्या, "अहो, हा माझ्यापेक्षा जास्त खोकतोय." त्यांना मी २०११ मध्ये हीट अलार्म लावून दिला. तो धूर बघत नाही, उष्णता बघतो, आत थर्मिस्टर, म्हणजे उष्णता ओळखणारा छोटा भाग असतो आणि छताजवळची हवा ५७-५८ डिग्रीला गेली की वाजतो. दुसरा एक प्रकार तापमान किती झपाट्यानं चढतंय ते मोजतो, मिनिटाला साधारण ८ डिग्रीच्या वर गेलं की वाजतो, पण किचनला मी तो लावत नाही. कुकरची वाफ आणि दोन बर्नर एकदम चालू झाले की तो उगाच घाबरतो.

काकी दर एक तारखेला केरसुणीच्या दांड्यानं त्याचं बटण दाबतात आणि कॅलेंडरवर टिक करतात. मला आजवर असा दुसरा गिऱ्हाईक भेटलेला नाही. बाकीचे बटण आहे हेच विसरतात. तुमच्याकडं असेल तर आज उठून दाबा, उद्यावर नको.

आता मूळ गोष्ट. २०१७ मध्ये विश्रामबागेत एका चार मजली बिल्डिंगचं वायरिंग आमच्याकडं होतं, २४ फ्लॅट. बिल्डर म्हणाला, जाहिरातीत टाकायचंय, अलार्मचंही कोटेशन द्या. मी दिलं : प्रत्येक किचनला हीट अलार्म, बेडरूमच्या बाहेर पॅसेजला स्मोक अलार्म, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले, म्हणजे किचनमध्ये एक वाजला की झोपलेल्या माणसाच्या दाराबाहेरचाही वाजतो. दुसऱ्या एकानं माझ्या निम्म्या रेटमध्ये दिलं. निम्म्यात कसं बसतं? सगळीकडं एकच स्वस्तातला स्मोक, किचनला पण तोच, जोडणी नाही, आणि गिट्टी ठोकून स्क्रू मारायच्या ऐवजी डबल टेप. काम त्याला गेलं. मला वाईट वाटलं पण धंदा आहे, चालायचंच. मी माझं वायरिंग पूर्ण केलं, प्रत्येक डीबीवर, म्हणजे फ्लॅटच्या वायरिंगच्या मेन बॉक्सवर, आमचा नंबर असलेला स्टिकर लावला आणि बाहेर पडलो.

त्या स्टिकरनंच माझा घात केला.

लोक राहायला आले त्याच महिन्यात गणपती. गौरीच्या दिवशी घराघरात पुरण, वडे, तळण. त्या माणसानं अलार्म लावलेले कुठं, तर गॅसच्या शेगडीच्या बरोब्बर वर, चिमणीच्या बाजूला हातभर. एका फ्लॅटमध्ये देवघराच्या डोक्यावर, म्हणजे उदबत्ती लावली की आरतीच्या आधी हाच सुरू. दुपारी बाराला अख्खी बिल्डिंग किंचाळत होती म्हणतात. आणि लोकांनी फोन कुणाला लावला? ज्याचा नंबर डीबीवर आहे त्याला. एका दिवसात सतरा फोन. मी सांगतोय की ताई ते आमचं नाही, वायरिंग आमचं, अलार्म दुसऱ्याचे. कोण ऐकतंय? "तुमचा स्टिकर आहे इथं." तो दुसरा माणूस तोवर फोन उचलायचा बंद झालेला.

मग लोकांनी आपापले इलाज केले. कुणी दुधाची पिशवी चढवून रबर लावला, कुणी नऊ व्होल्टचा सेल काढून पोराच्या रिमोटच्या गाडीत घातला. आणि गावात बातमी फिरली की अमक्याचे अलार्म बोगस आहेत. अमका म्हणजे मी. सांगली केवढीशी आहे हो, मारुती रोडवर बोललेलं संध्याकाळी मिरजेत पोचतं. दोन साईटची कामं हातातून गेली, बिल्डरनं माझं वायरिंगचं शेवटचं बिल, ६१ हजार, "तक्रारी मिटवा मग बघू" म्हणून अडकवलं. तक्रारी ज्याच्या होत्या त्याला मात्र पूर्ण पेमेंट झालेलं, हे मला नंतर कळलं. आठ महिने धड काम नव्हतं. ओम्नी विकली. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या, ती एक अक्षर बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या मजल्यावर कढईतल्या तेलानं पेट घेतला. घरातल्या बाई गॅस मोठा ठेवून दारात भाजीवाल्याशी बोलत होत्या. अलार्म होता, पण दुधाच्या पिशवीत. चिमणी जळाली, वरचं कपाट जळालं, माणसं वाचली. नशीब त्यांच्या सासऱ्यांनी पाणी मारलं नाही, परात उपडी घातली कढईवर आणि गॅस बंद केला. (पेटलेल्या तेलावर पाणी मारलं तर तेल उडून आग चौफेर होते. गॅस बंद, झाकण ठेवायचं, आणि कढई उचलायची नाही, थंड होईपर्यंत तिथंच.) आणि पुन्हा फोन मला!

या वेळी मी गेलो. रागानंच गेलो खरं सांगायचं तर. पार्किंगमध्ये मीटिंग लावायला लावली. पट्टी नेली, घोडा नेला, आणि बांबूला बांधलेला थर्मामीटर. एका फ्लॅटमध्ये दोन बर्नर लावून शेगडीच्या बरोबर वर छताजवळ थर्मामीटर धरला, मग खोलीच्या मध्याकडं सरकवत नेला. आकडा लोकांनी आपल्या डोळ्यांनी उतरताना बघितला. म्हटलं, शेगडीच्या डोक्यावर लावलात तर हीट अलार्मही वेड्यासारखा वाजेल, आणि चिमणीच्या किंवा एक्झॉस्टच्या तोंडाशी लावलात तर गरम हवा बाहेर ओढली जाऊन खरी आग लागली तरी उशिरा वाजेल. मधे कुठंतरी, भिंतीपासून पट्टीभर लांब, पंख्याच्या झोतात नाही, पण शेगडीपासून पाच-सव्वापाच मीटरच्या आत. आपल्याकडं एवढं मोठं किचन कुणाचं असतंय म्हणा. आणि मधे खोल बीम असेल, छताच्या उंचीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त उतरलेला, म्हणजे दहा फुटी खोलीत फुटापेक्षा खोल, तर तो भिंतच समजायचा, शेगडी ज्या बाजूला त्याच बाजूला अलार्म.

एका काकांनी विचारलं, मग बेडरूमला पण हीटच लावू का, वाजायचा त्रास नाही. चांगला प्रश्न होता. म्हटलं नाही, चुकूनही नाही. गादी धुमसायला लागली की आधी धूर होतो, उष्णता फार उशिरा चढते, हीट अलार्म वाजेपर्यंत आतला माणूस गुदमरलेला असेल. हीट फक्त किचनला, गॅरेजला, धुळीच्या जागेला. माणसं झोपतात तिकडं स्मोकच पाहिजे, फक्त बाथरूमच्या दारासमोर नको, गिझरच्या वाफेनं वाजतो.

गॅसचा डिटेक्टर पण त्या निम्म्या रेटवाल्यानं छताला लावलेला होता. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीवर साचतो! फरशीपासून फूटभर वर लावायची गोष्ट ती. पाइपचा गॅस असेल तर तो हलका, तिथं वर. एवढं साधं आहे.

सगळं ऐकून सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही तर असं बोलणारच, तुम्हाला विकायचेत." मी पट्टी उचलली आणि घरी आलो.

हळूहळू जरा सावरत होतो तेवढ्यात ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर. आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५, म्हणजे तुम्हीच हिशेब करा. २००५ च्या पुराचा अनुभव होता म्हणून माल दुसऱ्या रॅकवर चढवला होता, पाणी तिसऱ्याला लागलं. डिटेक्टरचे बॉक्स, केबलची बंडलं, पॅनेल, सगळं चिखलात. आठवड्यानं शटर उघडलं तर घोडा आडवा पडलेला आणि सागवानी पट्टी तरंगत जाऊन काउंटरच्या कडेवर व्यवस्थित बसलेली, जणू कुणी ठेवली. मला तिथं पहिल्यांदा रडू आलं.

तिसऱ्या दिवशी काकींचा फोन. त्या मिरजेला बहिणीकडं होत्या, परत आल्या होत्या. घरात पाच फूट पाणी येऊन गेलेलं, भडंगाचं सगळं सामान गेलं. म्हणतात, "एक तारीख हुकली होती, आता दाबलं बटण, वाजलं." छताला होता ना, पाणी पोचलंच नाही. तरी मी जाऊन तो बदलला, ओल लागलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूवर मी भरवसा ठेवत नाही, आणि तसंही दहा वर्षं झाली की बदलायचाच असतो, मागं तारीख छापलेली असते ती बघा. पैसे नको म्हटलं तर त्या रागावल्या, दिलेले पैसे परत घेतले नाहीत, वर वहीतून नावं काढून दिली, त्यांच्या भडंगाच्या गिऱ्हाइकांची, चाळीस-पंचेचाळीस घरं. "यांना सांग मी पाठवलंय." त्या वहीवर आमचं दुकान पुन्हा उभं राहिलं, बँकेच्या कर्जावर नाही.

त्यातली बरीच घरं पत्र्याची होती. तिथं मी नवीन शिकलो. एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याखाली माझ्या थर्मामीटरनं ५१ दाखवलं, आता ५८ वाला अलार्म तिथं काय टिकणार. छताची नेहमीची जास्तीत जास्त उष्णता बघायची आणि त्याच्या वर निदान दहा-बारा डिग्री मोकळी राहतील असाच घ्यायचा, अशा जागी ६९ ते ८५ मध्ये वाजणारा वरच्या वर्गातला मिळतो. आणि तपासायला खाली मेणबत्ती धरू नका, प्लॅस्टिक वितळतं, काजळी बसते. वायरवाल्या हेडला, म्हणजे पॅनेलला जोडलेल्या डिटेक्टरला, मी बायकोचा जुना हेअर ड्रायर वापरतो, तोही पुन्हा रिसेट होणाऱ्या हेडलाच. एकदाच वितळणारा जुना प्रकार असेल तर तो जागीच मरतो. रंगारी आले की अलार्मवर ब्रश फिरवू देऊ नका, ही माझी सगळ्यात जुनी डोकेदुखी आहे.

मागच्या दिवाळीत त्या बिल्डिंगच्या नव्या सेक्रेटरींचा फोन आला. जुने बदलून गेले. २४ पैकी १९ घरं तयार आहेत, तुमच्या पद्धतीनं करून द्या म्हणाले. मी गेलो, छतावर जुन्या डबल टेपचे काळे चौकोन अजून तसेच होते, शेगडीच्या डोक्यावर. पट्टी टेकवून नव्या खुणा केल्या. कोटेशनमध्ये शेवटच्या ओळीत मागील बाकी ६१ हजार असं लिहिलं होतं, ती ओळ त्यांनी पेननं खोडून सही केली, बिल्डरचं आमच्याकडं कशाला म्हणून. बरोबर आहे त्यांचं. काम केलं मी. पण डीबीवर या वेळी स्टिकर लावला नाही, अलार्मच्या बुडाला लावला, तारखेसकट.