दोन तासांचे यंत्र असताना सहा आठवडे कशासाठी?

दोन तासांत क्षयरोगाचा निकाल देणारे यंत्र असताना तुम्ही अजून नळीत जिवाणू वाढवत का बसता, हे मला विद्यार्थी विचारतात, नातेवाईक विचारतात आणि अनुदानाच्या बैठकीत तर अशा सुरात विचारले जाते, जणू मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळा 1882 मध्ये, क्षयाचा जिवाणू शोधणाऱ्या कॉखच्या काळातच अडकून पडल्या आहेत.

जीनएक्स्पर्ट या दोन तासांच्या यंत्राशी माझे वैर नाही. ते आले तेव्हा कल्चरचे, म्हणजे नळीत जिवाणू वाढवून पाहण्याचे, दिवस संपले, असे मीच वर्गात ठणकावून सांगितले होते. पण ते यंत्र आरपीओबी जनुकाच्या 81 अक्षरांच्या तुकड्यातले बदल पाहते आणि त्यावरून रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे औषध चालेल की नाही, एवढे सांगते. तुकड्याबाहेरचा बदल त्याच्या नजरेतून सुटतो. मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही ते मोजत असल्याने उपचार लागू पडत आहेत का, हे त्याला विचारण्यात अर्थ नसतो. बेडाक्विलिन या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत तर प्रतिकाराशी निगडित बदल जनुकभर विखुरलेले असतात आणि त्यांतले कोणते खरोखर औषध निकामी करतात, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. तेव्हा औषध घातलेल्या नळीत जिवाणू वाढतो का, हे पाहावेच लागते. आतड्यातला ई. कोलाय जिवाणू 20 मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जिवाणूला जवळपास एक दिवस लागतो. द्रव माध्यमातली नळी 42 दिवस पाहिल्याखेरीज निगेटिव्ह म्हणता येत नाही. यात आमचा आळस नाही.

एवढे बोलून मी थांबत असे. नंतर रत्नागिरीकडची एक तरुण मुलगी उपचारासाठी मुंबईत भावाकडे आली. यंत्राने रिफॅम्पिसिनला प्रतिकार दाखवला, डॉक्टरांनी त्यानुसार औषधे सुरू केली आणि थुंकीचा नमुना आमच्याकडे आला. तिसऱ्या आठवड्यात नळी गढूळ झाली, पण त्यात क्षयाचे जिवाणू नव्हते, तोंडातले होते. दुसरा नमुना मागायला भावाला बोलावले, तेव्हा त्याने विचारले, "मॅडम, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?" मी समजावले, की इतर जिवाणू मारण्यासाठी थुंकीत सोडियम हायड्रॉक्साइड घालावे लागते, ते जास्त झाले तर क्षयाचे जिवाणूही मरतात, आणि म्हणून ज्या प्रयोगशाळेत एकही नळी दूषित होत नाही तिच्याबद्दलच शंका घ्यावी. सारे खरे होते. तो शांतपणे म्हणाला, "तुमचं बरोबर असेल, पण गोळ्या कुठल्या घ्यायच्या ते तिला आज हवंय."

दुसऱ्या नमुन्यात जिवाणू वाढले आणि लिनेझोलिड निरुपयोगी असल्याचे दिसले. तोवर ती तेच औषध घेत होती आणि त्यापायी तळपायांची आग सोसत होती. औषध बदलले गेले. पुढे तिने उपचारांची नोंदणी दुसरीकडे नेली आणि मला काही कळले नाही.

हे उदाहरण माझ्या बाजूचे की विरुद्ध? कल्चर नसते तर तो प्रतिकार हाती लागला नसता. आणि लागला तेव्हा बरेच सोसून झाले होते. सध्या मी थेट थुंकीतून जनुकक्रम वाचण्याच्या कामात आहे आणि तो वाचलेला क्रम खरा की खोटा, हे ताडायला आम्ही पुन्हा नळीकडेच जातो. बैठकीत मी हे ठासून सांगते. त्या भावापुढे हाच मुद्दा मांडायची माझी अजून तयारी नाही.