रंग उजळलाय म्हणे

मंगळवार, अंगारकी

गोळी घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नसतं, म्हणून हे लिहीत बसलेय.

मंडईत आज सोसायटीतल्या काकू भेटल्या. मेथीची जुडी हातात तशीच धरून मला निरखत म्हणाल्या, "काय गं, रंग चांगलाच उजळलाय! काय लावतेस?" लावत काहीच नाही, रोज गिळते. इमॅटिनिब, ४०० मिलिग्रॅम. हे अर्थातच मनातल्या मनात. मंडईत उभं राहून सीएमएल म्हणजे कसला रक्ताचा कॅन्सर ते समजावत बसायचं त्राण नव्हतं. हसले आणि पुढे निघाले.

डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. रक्तात बीसीआर-एबीएल नावाचं एक बिघडलेलं प्रथिन पांढऱ्या पेशी वाढवत सुटतं. गोळी त्याला आवरते. पण तेवढ्यावर थांबत नाही, केआयटी नावाच्या आणखी एका प्रथिनालाही अडवते, आणि त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींना नेमकं तेच लागतं. गोळी बंद केली तर रंग बहुधा परत येईल, म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना बोलावं लागलं नाही.

लहानपणी आत्या दर रविवारी साय आणि डाळीचं पीठ घेऊन बसायची. स्थळं बघायला लागले तेव्हा "मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस" हे माझ्यासमोरच बोललं जायचं. आत्याच्या पिठाला जे जमलं नाही ते कॅन्सरने करून दाखवलं. या विनोदावर घरात मी सोडून कोणी हसत नाही.

खरं तर हा उजळपणा सगळीकडे सारखाही नाही. मनगटापाशी फिकट चट्टे आहेत. आईचा आणि माझा हात शेजारी ठेवला की कुठला कुणाचा ते बांगड्यांवरून ओळखायचं, इतका एक रंग होता आमचा. परवा ती माझा हात हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करत बसली. बोलली काही नाही.

ऊनही आता चावतं. पण पुण्यात स्कूटरवर स्कार्फ गुंडाळून आणि सनकोट चढवून फिरणाऱ्या बाईकडे कोण बघतं? तेवढं या गावाने सोपं केलंय.

बाकीचे त्रास कुणाला दिसत नाहीत. सकाळी डोळे सुजलेले असतात, म्हणून दोन उशा घेते, आणि पापड-लोणचं जवळजवळ बंदच केलंय. रात्री पोटरीत असा गोळा येतो की ओरडतच उठते. मग हे पाऊल धरून चवडा माझ्याकडे दाबतात आणि गोळा सुटेपर्यंत अर्धवट झोपेत बसून राहतात. पायावरून हात फिरवताना यांनी एकदाही म्हटलं नाही, की निदान केमो तरी नाही ना, गोळीच आहे. बाकी सगळे म्हणतात. चुकीचं नाही ते. २००१च्या आधी ही गोळी बाजारात नव्हती, आणि २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने ती काढणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून आपल्याकडच्या स्वस्त जेनेरिक गोळ्या मिळत राहिल्या. हे मला पाठ आहे. तरी रात्री दोन वाजता पोटरी दगडासारखी झाली की न्यायालय आठवत नाही.

आणि उपास. रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळून नको होतं. भरल्या पोटी, मोठा पेला भरून पाण्याबरोबरच घ्यायची. आज चंद्रोदयापर्यंत थांबायचं म्हणजे वेळ फारच पुढे जाणार होती. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी आठ वाजता माझं एकटीचं पान वाढलं. "तुझा उपास पोचला गणपतीला. जेव आणि गोळी घे." मोदक मात्र नैवेद्यानंतरच मिळेल म्हणाल्या, तिथे सवलत नाही.

उद्या पीसीआरसाठी, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय ते मोजणाऱ्या तपासणीसाठी, रक्त द्यायचंय. गेल्या वेळी आकडा खाली आला होता.