सपाटच होतं ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. खरं तर स्पेनच्या सायकल सहलीवरून आलो त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून सगळे विचारतायत. दर रविवारी सायकलने सिंहगड चढणारे विचारतात, सोसायटीतले विचारतात, एका लग्नात ताटं हातात घेऊन उभ्या असताना एका काकूंनी विचारलं. प्रश्न एकच, "अगं पण तिकडे सगळं सपाटच होतं ना? मग ताईला एवढं काय झालं?" मी दर वेळी "ऊन फार होतं हो" म्हणून विषय संपवते. आज नाही संपवत.

पहिलं म्हणजे ते सपाट नाहीये. बुर्गोस ते तोर्देसियास, स्पेनच्या मधल्या पठारावरून, भाड्याच्या सायकली घेऊन आम्ही दोघी बहिणी चाललो होतो. बुर्गोस हेच साधारण 860 मीटरवर आहे. कास्त्रोहेरिस गाव सुटलं की मोस्तेलारेसचा चढ लागतो, जेमतेम किलोमीटरभर, पण 12 टक्क्यांचा, खडी-मातीचा, आणि मागे पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरिअरला लावायच्या पिशव्यांत, दहा-दहा किलो सामान. बोपदेव घाट रोज करणाऱ्यांनी तो एकदा सामानासकट करून बघावा आणि मग माझ्याशी सपाटाबद्दल बोलावं. मी उतरून सायकल ढकलली, ताई वरपर्यंत सॅडलवर होती. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, तेव्हा चोपन्न. हे मुद्दाम सांगतेय, कारण "वय झालंय त्यांचं, झेपलं नसेल" हेही मी फार ऐकलंय. तिला झेपत होतं.

आणि जिथे खरंच सपाट आहे, पठाराच्या तिएरा दे काम्पोस भागात, तिथे जास्त अवघड आहे. घाटात वळण असतं, वळणावर सावली असते, वर पोचलं की चहा असतो, उतारावर पाय सुटे होतात. इथे तुम्ही पायडल मारायचं थांबवलंत की सायकल थांबते. पश्चिमेकडून वारा सुटला की त्याला अडवायला झाडही नाही, दोन्हीकडे गहू आणि बार्ली, मधे रस्ता. पुढच्या गावाच्या चर्चचा मनोरा दिसायला लागतो तेव्हा ते गाव सात-आठ किलोमीटरवर असतं आणि अर्धा-पाऊण तास तो मनोरा तेवढाच राहतो. मनोऱ्यावरचं करकोच्यांचं घरटं वेगळं ओळखू आलं की समजायचं, आता आलंच.

तिथेच का गेलात, बार्सिलोना सोडून, हाही प्रश्न असतो. ते ताईचं होतं. तिचं सासर गोव्याचं, म्हापशाकडचं, आणि 1494 मध्ये स्पेन आणि पोर्तुगालने जगाची वाटणी केली तो करार ज्या गावात झाला ते तोर्देसियास तिला सायकलने गाठायचं होतं. केप व्हर्डे बेटांच्या पश्चिमेला 370 लीगवर (लीग हे तेव्हाचं अंतराचं माप) एक रेघ मारली, रेघेच्या पूर्वेकडचं पोर्तुगालचं. सोळा वर्षांनी पोर्तुगीजांचा आल्बुकर्क गोव्यात उतरला. ताई म्हणायची, आमच्या गावात कोण येणार हे ज्यांनी ठरवलं त्यांचं गाव कसं आहे ते बघून येऊ. वाटेत उरुएन्याला एक रात्र काढायची होती, तटबंदीच्या आतलं दोनेकशे वस्तीचं गाव, 2007 पासून पुस्तकांचं गाव. आपल्याकडे भिलार 2017 ला झालं. ताई शाळेत ग्रंथपाल, तेव्हा उरुएन्या तिने वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं होतं.

पहिले तीन दिवस इतके छान गेले की आता त्यांचाच राग येतो. फ्रोमिस्ताच्या सान मार्तीन चर्चला छताखाली बाहेरच्या बाजूने तीनशेच्या वर कोरीव दगड आहेत, माणसं, जनावरं, काय काय, ताई मान वर करून तासभर फिरत होती. तिथून कालव्याच्या काठाने निघालो. कनाल दे कास्तिया, 1753 ला खणायला घेतला आणि 1849 ला जेमतेम पुरा झाला, 207 किलोमीटर, पठारावरचा गहू होड्यांमधून समुद्राच्या दिशेने न्यायला. होड्या काठावरून खेचरं ओढायची. दहा-पंधरा वर्षांत रेल्वे आली आणि वाहतूक तिकडे गेली. ज्या वाटेने खेचरं चालायची तिच्यावरून आता सायकली जातात, काठाला बोरूचं रान, पाण्याचा गारवा, झाडं. मला वाटायला लागलं की पठार समजलं आपल्याला.

चौथ्या दिवशी कालवा सोडून आत वळलो. जूनचा शेवटचा आठवडा, अडतीस डिग्री. गावाचं नाव लिहीत नाही, त्या गावाचा काही दोष नाही. दुपारी एका बारमध्ये जेवलो, टोर्तिया, म्हणजे तिकडचं बटाट्याचं ऑम्लेट, आणि पाव, आणि सगळं गाव दारं लावून झोपलं म्हणून आम्हीही तिथल्या कमानीखाली आडव्या झालो. चार वाजता मी उठले, म्हटलं चल. ताई म्हणाली, "अजून थांबूया गं, ऊन खूप आहे." मी म्हटलं, "चार वाजले ताई, उतरलंच आता. बावीस किलोमीटर आहे, सपाट."

सपाट हा शब्द मीच वापरला होता. म्हणून तुम्ही वापरता तेव्हा सहन होत नाही.

आता घड्याळाचं सांगते, कारण कुणालाच हे माहीत नसतं, मलाही नव्हतं. स्पेन नकाशावर इंग्लंडच्या खाली येतं, पण 1940 पासून त्यांचं घड्याळ जर्मनीच्या वेळेवर आहे, त्यात उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. त्यामुळे त्या भागात जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो दोन वाजून वीस मिनिटांनी, आणि मावळतो रात्री दहाला. माझ्या मनगटावर चार वाजले होते ते उन्हाच्या हिशेबाने पुण्यातले सव्वादोन. मी माझ्या बहिणीला पुण्याच्या मे महिन्यातल्या सव्वादोनच्या उन्हात बाहेर काढलं असतं का? नसतं काढलं. तिथली माणसं सहा-साडेसहापर्यंत बाहेर पडत नाहीत याला आपण आळस म्हणून हसतो.

नऊ किलोमीटरवर नकाशात एक गाव होतं. तिथे पाणी भरू असं ठरवून आम्ही वाऱ्याला तोंड देत तासभर गेलो, ताशी नऊच्या वेगाने. गाव होतं, चर्च होतं, बारची पाटीही होती, पण शटरला गंज चढलेला आणि खाली गवत. एक माणूस दिसला नाही. चौकातल्या नळावर पाटी, आग्वा नो त्रातादा, म्हणजे पाण्यावर प्रक्रिया केलेली नाही. ताई म्हणाली, डोकं तरी भिजवते. मी म्हटलं, थांबलो तर अंधार होईल (रात्री दहापर्यंत उजेड असतो हे रोज बघत असून मी हे म्हटलं). "पुढे मिळेल पाणी, चल." दोघींत मिळून पाऊण लिटर उरलं होतं.

तिथल्या लोकांचा एक शब्द आहे, एस्पान्या वासियादा. रिकामा केला गेलेला स्पेन. 1950 पासून यंत्रं आली, शेतावर माणसं लागेनात, माणसं माद्रिद, बिल्बाव, बार्सिलोनाला गेली, आणि 2019 च्या 31 मार्चला अशा गावांतले लोक मोर्चा घेऊन माद्रिदला गेले होते. हे सगळं मी निघायच्या आधी वाचलं होतं. वाचूनही नकाशावर गाव दिसलं म्हणजे तिथे चालू बार असणार असंच धरून चालले.

पुढच्या चार किलोमीटरनंतर ताई मागे राहायला लागली. वळून बघितलं तर ती सायकल धरून उभी होती, आणि म्हणाली, "थंडी वाजतेय गं मला." अडतीस डिग्रीत तिच्या हातावर काटा आला होता. शेतात एक पालोमार होता, कबुतरांसाठी बांधलेलं गोल, मातीचं घर, छप्पर पडलेलं. त्याच्या भिंतीला सावलीची जेमतेम हातभर पट्टी होती, तिथे तिला टेकवून बसवलं. भिंत कच्च्या विटांची, आपल्याकडे भेंड्याच्या असतात तशी, आणि त्यातून गव्हाच्या काड्या बाहेर आलेल्या, कुणीतरी कधीतरी चिखलात तुडवलेल्या, अजून पिवळ्या. ताई त्या काड्या एकेक उपटत होती आणि मला आमच्या आईचं नाव घेऊन हाक मारत होती. मग ओकली. माझ्या फोनला रेंज नव्हती.

लांब धूळ उठत होती, हार्वेस्टर चालू होता. मी तिला तिथे सोडून पळाले. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. सोडायला नको होतं असं रोज वाटतं, आणि दुसरं काय करता येत होतं तेही सुचत नाही. कापलेल्या शेताची धसकटं पोटऱ्यांना फाडत होती ते नंतर रक्त बघून कळलं. हार्वेस्टरवरच्या माणसाने माझं स्पॅनिश समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही, माझ्या तोंडाकडे बघून मशीन बंद केलं आणि बोतिहो उचलला. आपला माठच, फक्त तोटी असलेला, त्यातलं पाणी तसंच गार. त्याच्या फोनवरून 112 ला त्यानेच बोलणं केलं. अँब्युलन्स येईपर्यंत तो स्वतःचा शर्ट ओला करून तिच्या मानेवर धरत होता, मला म्हणत होता, दे घोट-घोट, घाई नको, हे सगळं हातांनी.

सलाईन लावलं, रात्री सोडलं. डॉक्टर म्हणाल्या, आणखी अर्धा तास गेला असता तर वेगळं बोलणं झालं असतं.

इथे येऊन भाऊजींनी एकच विचारलं, "तू होतीस ना बरोबर?" रागावून नाही, साधंच.

होते. माझी बाजूही आहे, सकाळी तीन-तीन लिटर पाणी घेऊन निघालो होतो, टोप्या होत्या, ओआरएस होतं. ताई स्वतः म्हणते, माझीच चूक, मी बाटली पुरवून-पुरवून प्यायले, बोलले नाही. पण ती बोलली होती. कमानीखाली बोलली, नळापाशी बोलली. तेव्हाची मी आत्ता समोर आली तर म्हणेल, मला घड्याळाचं कुठे ठाऊक होतं? मग मी तिला म्हणेन, ऊन तर अंगावर होतं ना तुझ्या. यावर तिच्याकडे उत्तर नसतं, पण ती गप्पही बसत नाही.

तोर्देसियासला आम्ही बसने गेलो. दुएरो नदीवरच्या पुलावर ताईने फोटो काढू दिला नाही. सायकलचं हेल्मेट हातात होतं, ते तिने पिशवीत टाकलं. उरुएन्या बसच्या खिडकीतूनही दिसलं नाही.

आता ती परत जायचं म्हणतेय, ऑक्टोबरमध्ये, त्याच पालोमारपासून पुढे. भाऊजी माझ्याकडे बघतात, मी खाली बघते. परवा तिचा मेसेज आला, ऑक्टोबरमध्ये तिकडे सूर्य डोक्यावर किती वाजता येतो? मी हिशेब करून कळवलं, दोन वाजून पाच मिनिटांनी. तिकिटं अजून काढलेली नाहीत.