क्लॅडाची घरं, अर्ध्या पेनीच्या कार्डावर

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून सकाळची गाडी पकडली आणि अडीच तासांत गॉलवेला उतरले. भुरभुर पाऊस होता. शनिवार असल्यामुळे सेंट निकोलस चर्चच्या कडेला बाजार भरला होता. तिथून दोन गल्ल्या पुढे जुन्या पुस्तकांचं एक दुकान लागलं. दाराशीच बुटाच्या खोक्यात जुनी पोस्टकार्डं उभी लावून ठेवलेली होती. पाऊस थांबेपर्यंत चाळू म्हणून हात घातला आणि तासभर तिथून हलले नाही.

निघताना एकच कार्ड घेतलं. चुना लावलेली, गवताने शाकारलेली बुटकी घरं, एकाला एक खेटून, पण रांग अशी नाहीच. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने घर बांधलेलं. मधल्या चिखलात दोन बायका अनवाणी उभ्या. लाल लोकरी परकर, डोक्यावरून शाल. उजवीकडच्या दारात एक पोर आहे, ते ऐन वेळी हललंय, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका धूर. त्याच्या बाजूला भिंतीला टेकवलेली वेताची टोपली मात्र इतकी स्पष्ट की तिची वीण मोजता येते. खाली छापलंय: क्लॅडा, गॉलवे. क्लॅडा म्हणजे गॉलवेतली नदीपलीकडची कोळ्यांची वस्ती. पुढे एक आकडा आणि ‘डब्ल्यू. एल.’ ही दोन अक्षरं.

ही अक्षरं मला ओळखीची होती. आदल्याच दिवशी मी डब्लिनच्या टेम्पल बारमध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाच्या छायाचित्र विभागात जाऊन आले होते. डब्ल्यू. एल. म्हणजे विल्यम लॉरेन्स. डब्लिनच्या सॅकव्हिल स्ट्रीटवर, जनरल पोस्ट ऑफिसच्या समोर, त्याचं दुकान आणि स्टुडिओ होता. पण लॉरेन्स स्वतः फोटो काढत नसे. बहुतेक दृश्यं टिपली ती रॉबर्ट फ्रेंच या त्याच्या नोकरीतल्या माणसाने. आधी पोलिसात असलेला हा गृहस्थ १९१४ मध्ये निवृत्त होईपर्यंत काचेच्या प्लेटा (त्या काळच्या निगेटिव्ह) आणि तिकाटणं घेऊन आयर्लंडभर हिंडला. गावोगावचे मुख्य रस्ते, बंदरं, पूल, चर्चं, बाजार त्याने टिपले. कार्डावर त्याचं नाव कुठेच नाही. मला हे फार लागलं. एका देशाने स्वतःचा चेहरा ज्याच्या डोळ्यांनी पाहिला, त्याला त्या दोन अक्षरांतही जागा मिळाली नाही.

१९१६ मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या ईस्टरच्या उठावात बंडखोरांनी पोस्ट ऑफिस ताब्यात घेतलं आणि समोरचं लॉरेन्सचं दुकान लुटलं गेलं, जळालं. लोकांच्या चेहऱ्यांच्या प्लेटा त्या आगीत गेल्या. गावांच्या, रस्त्यांच्या प्लेटा डब्लिनच्याच रॅथमाइन्स भागात ठेवलेल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. १९४३ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाने हा संग्रह तीनशे पौंडांना घेतला. त्यात सुमारे ४०,००० काचेच्या प्लेटा आहेत.

कार्ड उलटं केलं की दुसराच इतिहास सुरू होतो. माझ्या कार्डाच्या मागे सातव्या एडवर्डचं हिरवं, अर्ध्या पेनीचं तिकीट आहे. शिक्का गॉलवेचा, जुलै १९०७. पत्ता बेलफास्टचा. मजकूर दोन ओळींचा: हवा वाईट आहे, मी शुक्रवारच्या संध्याकाळच्या गाडीने येते. इतकंच. आपण आज फोनवर जे पाठवतो तेच. १९०२ पर्यंत मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, त्यामुळे लोक चित्राच्या कडेला, आभाळात, समुद्रात मिळेल तिथे मजकूर कोंबत. १९०२ पासून मागची बाजू दुभागली: अर्धी पत्त्याला, अर्धी मजकुराला. १९१८ च्या जूनमध्ये कार्डाचा दर अर्ध्या पेनीवरून एक पेनी झाला. १९२२ मध्ये ब्रिटिश राजाच्याच तिकिटावर आयरिश भाषेत ‘हंगामी सरकार’ असा ठसा उमटला. सत्तांतर त्या चिमुकल्या कागदावर अक्षरशः छापलेलं दिसतं. नावंही तशीच. कार्डावर क्वीन्सटाउन लिहिलं असेल तर त्या बंदराचं आजचं नाव कोव्ह. किंग्सटाउन असेल तर डून लिअरी. सॅकव्हिल स्ट्रीट असेल तर आजचा ओकॉनेल स्ट्रीट.

पण शिक्क्यावरच्या तारखेला फोटोची तारीख समजायची चूक मी पहिल्यांदा केलीच. प्रकाशक जुन्या प्लेटा वर्षानुवर्षं वापरत. १९०७ मध्ये विकलेल्या कार्डावरचं गाव पंधरा वर्षांपूर्वीचंही असू शकतं. म्हणून चित्रातच खुणा शोधाव्या लागतात. डब्लिनच्या कार्डात ट्रामला घोडे जुंपलेले असतील, तर फोटो १९०१ च्या आधीचा. त्यानंतर शहरात विजेच्याच ट्राम राहिल्या. माझ्या कार्डात घरांच्या मागे डॉमिनिकन साधूंचं दगडी चर्च आहे. ते १८९१ मध्ये पुरं झालं, म्हणजे फोटो त्यापुढचा. टोपलीवरून किंवा बायकांवरून एवढं कळलं नसतं.

आता रंग. फोटो काळा-पांढरा, रंग नंतर छापखान्यात चढवलेले. त्या काळची पुष्कळ रंगीत कार्डं जर्मनीत छापून येत, आणि रंग भरणाऱ्याने गॉलवे कधी पाहिलेलं नसे. त्यामुळे माझ्या कार्डावरचं गुलाबी आभाळ मी सोडून दिलं. परकरांच्या लालबद्दलही शंका होती. ती फिटली दोन फ्रेंच बायकांमुळे. मार्गरीत मेस्पुले आणि मादलेन मिन्यों १९१३ च्या मे महिन्यात अल्बेर कान या बँकरसाठी खऱ्या रंगांतले फोटो काढायला इथे आल्या होत्या. बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण काचेवर पसरून ते फोटो निघत. त्यांतल्या क्लॅडाच्या बायकामुलींच्या अंगावर खरोखर लाल कपडे आहेत, कार्डापेक्षा गडद, थोडे मातकट. म्हणजे आभाळ खोटं, पण परकर खरा.

दुपारी कार्ड खिशात घालून निघाले. नदीकाठच्या स्पॅनिश आर्च या जुन्या दगडी कमानीपाशी आले. क्लॅडाच्या बायका मासळी विकायला इथेच बसत. पूल ओलांडला, डावीकडे वळले. खाली कॉरिब नदी रोंरावत समुद्राला मिळते. धक्क्याच्या आतल्या शांत पाण्यात हंस होते आणि काळ्या बुडाची एक जुन्या घडणीची होडी. पूर्वी इथल्या सगळ्या होड्यांची शिडं तांबूस-तपकिरी असत. फक्त क्लॅडाच्या ‘राजा’ची, म्हणजे कोळ्यांनीच निवडलेल्या म्होरक्याची, पांढरी.

शाकारलेली घरं आता नाहीत. १९३० च्या दशकात आरोग्याला घातक ठरवून ती पाडली आणि नगरपालिकेने सरळ रांगेत नवी घरं बांधून दिली. नळ आले, संडास आले. मला त्या पाडकामावर राग धरता येत नाही. त्या चिखलात अनवाणी मला उभं राहायचं नव्हतं. चर्च तेवढं तसंच आहे. त्याचा कोपरा कार्डातल्या कोपऱ्याशी जुळेपर्यंत मी मागे-पुढे सरकत राहिले.

बाकावर बसलेल्या एका आजींनी विचारलं, काय शोधताय? मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी मागचा मजकूर वाचला, मग चित्राकडे वळल्या. त्यांच्या आईचा जन्म या घरांतलाच. घरात त्या जुन्या घराचा एकही फोटो नाही, म्हणाल्या. कॅमेरा कोणाकडे होता? फोटो काढले ते बाहेरच्यांनी, विकले ते बाहेरच्यांना. आमचं घर कसं होतं ते बघायला आम्हाला पाहुण्यांची कार्डं शोधावी लागतात.

मग त्यांनी चर्चपासून बोटाने घरं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आई सांगायची त्या हिशेबाने चौथं. चौथ्या घराच्या दारात ते हललेलं पोर होतं. त्यांची आई त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मली, त्यामुळे पोर कोणाचं हे त्यांना सांगता येईना. बोट मात्र तिथेच राहिलं.

त्यांनी फोन काढला. प्लास्टिकच्या पाकिटावर उजेड चमकत होता, म्हणून मी कार्ड बाहेर काढलं. तेवढ्यात पुन्हा भुरभुर सुरू झाली. त्या फोटो काढत होत्या आणि मी दोन्ही हातांनी कार्डावर आडोसा धरून उभी होते.