दिवाळी अंक एकदाचे सर्चमध्ये आले!

आज दिवसभर आमच्या वाचनालयाच्या कॅटलॉगचं काम चाललं होतं, अ‍ॅप हेरोकू या अ‍ॅप चालवणाऱ्या क्लाउड सेवेवर आणि डेटा ऑनलाइन डेटाबेस सेवा मोंगोडीबी अ‍ॅटलासवर, आणि संध्याकाळी दिवाळी अंक सर्चमध्ये दिसायला लागले तेव्हा इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पुस्तकाला लेखक, प्रकाशक, वर्ष एवढं पुरतं हो, पण दिवाळी अंकाचं तसं नाही, संपादक एक, आत कितीतरी जणांचं लिखाण, कथा वेगळ्या, कविता वेगळ्या, मुखपृष्ठ कुणाचं ते अजून वेगळं. टेबलांत बसवायचं तर जोडत बसा चार-पाच टेबलं. इथे मोंगोडीबीत एक अंक म्हणजे एक डॉक्युमेंट, म्हणजे एकच सलग नोंद, सगळी अनुक्रमणिका त्याच्या पोटातच. एका डॉक्युमेंटच्या १६ एमबीच्या मर्यादेच्या तर आपण जवळपासही जात नाही.

कुणाला असं काही करायचं असेल तर मनापासून सांगते, डेटाबेस डायनोवर (हेरोकूच्या ज्या कंटेनरमध्ये अ‍ॅप चालतं त्यावर) ठेवायचा विचारच करू नका. डायनो दिवसातून एकदा तरी रीस्टार्ट होतो आणि त्याच्या डिस्कवर लिहिलेलं सगळं जातं, म्हणून डेटा बाहेर, आणि त्याचा पत्ता पासवर्डसकट कॉन्फिग व्हारमध्ये (हेरोकूवर कोडबाहेर ठेवायच्या सेटिंगमध्ये), कोडमध्ये अजिबात नाही. डेटाबेससाठी मुंबई रीजन, म्हणजे मुंबईतले सर्व्हर, घ्यायचा मोह होतो, वाचक इथलेच ना, पण आमचं अ‍ॅप चालतं युरोपात, मग प्रत्येक क्वेरी समुद्र ओलांडून येणार-जाणार, त्यापेक्षा दोघं शेजारी बरे. कनेक्शन पूलही (अ‍ॅप डेटाबेसशी जास्तीत जास्त किती कनेक्शन उघडतं तो आकडा) कमी ठेवा, नोड.जेएससाठीच्या मोंगोडीबी ड्रायव्हरचा डिफॉल्ट १०० आहे आणि अ‍ॅटलासच्या फ्री क्लस्टरला एकूण मिळतात ५००.

उद्या १९६०च्या दशकातले अंक घ्यायचेत, काहींची अनुक्रमणिका फाटलीय, कुणाकडे स्कॅन असतील तर प्लीज कळवा.