चेंडूवर निघालेला नंबर

इथे चीनमध्ये शेजारच्या वडीलधाऱ्या बाईला 'आयी' म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. माझ्या घरमालकीणबाईंना मीही तेच म्हणतो. परवा दारात शेंगा सोलता सोलता आयींनी २००५ सालची गोष्ट काढली. गावाचा पैसा कुठल्या कामांवर घालायचा, ते सांगणारी माणसं निवडायला सोडत काढली होती, तीत त्यांच्या दिरांचा नंबर लागला होता. "एवढा चेंडू," म्हणत त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. पिंगपाँगचा!

आमचं झेग्वो पूर्व चीनच्या झेजियांग प्रांतात, वेन्लिंगच्या हद्दीत. विजेच्या मोटर, कॉम्प्रेसर आणि बूट बनवणारं गाव. कोल्हापूरच्या कारखान्यासाठी माल बघायला आलो आणि इथलाच झालो. त्या वर्षी गावापुढे ३० कामं होती, खर्च जवळपास १३ कोटी ७० लाख युआन, आणि हाताशी पैसे फक्त ४ कोटी. मग अमेरिकेतले प्राध्यापक जेम्स फिशकिन यांच्या पद्धतीनं सोडत काढून २७५ माणसं निवडली. गटागटानं दिवसभर चर्चा झाली. गट सांभाळायला अधिकारी नव्हते, शाळेतले शिक्षक होते. चर्चेआधी आणि नंतर एकच प्रश्नपत्रिका भरून घेतली. दुसऱ्या खेपेला सांडपाण्याची कामं वर चढली, शोभेची खाली गेली. शेवटी १२ कामं ठरली आणि ती गावच्या लोकप्रतिनिधी सभेनं मंजूर केली.

या चर्चांना इथे 'खन्थान' म्हणतात, मन मोकळं करून बोलणं. सुरुवात १९९९ साली जवळच्या सोंगमेनमध्ये झाली. एकाच पक्षाच्या राज्यात माणसं अधिकाऱ्याला तोंडावर जाब विचारतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण त्याच सुमारास, १९९८ च्या अखेरीस, सिचुआन प्रांतातल्या बुयुन गावच्या लोकांनी आपला गावप्रमुख थेट मतदानानं निवडला, तेव्हा ते घटनेत बसत नाही असं सांगण्यात आलं. पैसे कुठे घालायचे ते लोकांनी सांगावं, खुर्चीवर कोण बसणार ते नाही. शिवाय खन्थान भरवायची की नाही, हेही बऱ्याच अंशी तिथल्या पक्षसचिवावरच असतं. आपल्याकडे ग्रामसभा कायद्यानं भरवावीच लागते. एवढा मोठा आधार आपण किती सहज वाया घालवतो!

आयींना विचारलं, यादीत नसलेलं काम सुचवता आलं असतं का? त्यांचा हात थांबला. "यादी वरून आलेली. आम्ही क्रम लावला."

पुढच्या महिन्यात गावी येतोय. ग्रामसभेला पुढे बसेन, आणि पहिला प्रश्न यादी कोणी केली हाच विचारेन.